बलून कुठे आहे?

मंडळी, २० ऑक्टोबर १८७२ च्या रात्री एक इंग्रज गृहस्थ आपल्या नाशिकवरून गेला आणि त्याने गावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राग धरण्यात अर्थ नाही, कारण हा माणूस कधी जन्मलाच नव्हता. फिलिअस फॉग त्याचं नाव. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'चा नायक. मुंबईला बोटीतून उतरला, रात्री आठची जीआयपी रेल्वे पकडली, गाडी घाट चढली. मग व्हर्न एका वाक्यात उरकतो: रात्रीतून डोंगर मागे पडले, नाशिक गेलं, दुसऱ्या दिवशी खानदेशचा सपाट मुलूख. झालं. रामकुंड नाही, गोदावरी नाही, काही नाही. (हशा)

हे पुस्तक मी सहावीत असताना वाचनालयातून आणलं. मुखपृष्ठावर भलामोठा रंगीत बलून, खाली टोपलीत दोन माणसं. त्या बलूनसाठीच तर आणलं होतं! वाचत गेलो. बोट आली, रेल्वे आली, हत्ती आला, बर्फावरून शिडाने पळणारी गाडी आली. बलून येईना. शेवटचं पान आलं तरी येईना. मला वाटलं, कुणीतरी मधली पानं फाडली. तशी तक्रार घेऊन मी परत गेलो. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर सगळी पानं मोजली. पूर्ण भरली. मग त्या म्हणाल्या, "अरे, हे चित्र काढणाऱ्याने सिनेमा पाहिलाय."

खरंच तसं होतं. बलून आहे तो १९५६ च्या हॉलिवूडपटात. पॅरिसहून निघून फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू थेट स्पेनमध्ये उतरतात. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि बलून फॉगला कायमचा चिकटला. २००४ साली जॅकी चॅन पासपार्तू झाला, तेव्हाही बलून होताच. गंमत अशी की व्हर्नने पुस्तकात बलूनचा विचार केलेला आहे. न्यूयॉर्कला फॉगची बोट चुकते, तेव्हा व्हर्न लिहितो की आता अटलांटिक ओलांडायला बलूनच उरला, पण ते धाडसाचं होईल आणि शिवाय जमण्यासारखंही नाही. म्हणजे लेखकाने दारातून परत पाठवलेला पाहुणा सिनेमावाल्यांनी खिडकीतून आत घेतला.

आता यावर दोन तऱ्हेची माणसं भांडतात. एक म्हणतात, पुस्तकाचा खून केला. दुसरे म्हणतात, माध्यम वेगळं आहे, सोडून द्या. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. मी आधी हे बघतो, की पुस्तकात न दिसणारी अशी कोणती गोष्ट होती, जिच्या जागी पडद्याला काहीतरी दाखवावं लागलं?

फॉगच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे हिशेब. हा माणूस जग फिरतो आणि खिडकीबाहेर बघत नाही. काखेत ब्रॅडशॉचं वेळापत्रक, खिशात वही, वहीत नफ्याचा रकाना आणि तोट्याचा रकाना. इथे दोन दिवस कमावले, तिथे दोन दिवस गमावले. वाचताना आपणही त्याच्यासोबत तास मोजत बसतो, आणि सगळी मजा त्या मोजण्यात आहे. शेवटची कलाटणीसुद्धा मोजण्यातच आहे: पूर्वेकडे जात राहिल्याने एक अख्खा दिवस पदरात पडला आणि पठ्ठ्याला पत्ताच नाही! पासपार्तू तर घड्याळ लंडनच्याच वेळेवर ठेवून मिरवत असतो, जागोजागी काटे फिरवायला साफ नकार देतो. आता रकाना कॅमेऱ्याला कसा दाखवणार? कॅमेरा खिडकीबाहेरच बघणार. फॉग ज्या ज्या गोष्टी बघत नाही, त्या सगळ्या सिनेमाला बघायच्या असतात. म्हणून बलून. वरून सगळं दिसतं.

यात हॉलिवूडचं नवल करू नका. आपण पंचवटीच्या पाण्यावर वाढलेली माणसं. सीतागुंफेत वाकून शिरलेलं इथे कोण नाही? लक्ष्मणाने रेघ ओढली, सीतामाईने ती ओलांडली, रावणाने तिला नेलं, हे आपल्याला आईच्या कुशीत असल्यापासून ठाऊक. आणि वाल्मीकींचं अरण्यकांड उघडलंत तर ती रेघ तिथे नाही. तिथे सीता लक्ष्मणाला फार कठोर बोलते, आणि तो तिला वनदेवतांच्या हवाली करून जड पावलांनी निघतो. रेघ नंतरच्या रामकथांमधली.

पण विचार करा, ती का आली असेल? लक्ष्मणाच्या मनातली घालमेल, इथवर ठीक आणि इथून पुढे धोका, ही जाणीव वाल्मीकींनी शब्दांत सांगितली. कीर्तनकाराला ती उभ्या सभेला दाखवायची आहे. तो पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ओढतो एक रेघ! सगळी सभा श्वास रोखते. आज राजकारणापासून घरातल्या भांडणापर्यंत आपण लक्ष्मणरेषा म्हणतो, आणि ती मुळात नाही हे कुणाला आठवतही नाही. रेघेने मनातलं काहीतरी दाखवलं. फॉगच्या बलूनने फक्त देखावा दाखवला. एवढा एक फरक हाताशी ठेवला, की बाकीच्या सिनेमांचं बघता येतं.

'विझर्ड ऑफ ऑझ'मधले लाल बूट सगळ्यांना माहीत आहेत. १९०० सालच्या पुस्तकात ते चांदीचे होते. १९३९ ला नवलाईचा टेक्निकलर हाती होता, त्यात लाल उठून दिसतो, म्हणून लाल. याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती शेवटाला. पुस्तकात ती मुलगी खरोखर दुसऱ्या जगात जाऊन येते, सिनेमात ते स्वप्न ठरतं. लहान मुलांना असं फसवू नये.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कडे मात्र जरा थांबू या, कारण तिथे दोन्ही बाजू भक्कम आहेत. टॉल्किनचं पुस्तक १९५४-५५ मधलं, पीटर जॅक्सनचे सिनेमे २००१ ते २००३. पुस्तकात ती घातक अंगठी नायक फ्रोडोकडे आल्यावर तो घर सोडेपर्यंत सतरा वर्षं जातात. सतरा! फ्रोडो पन्नाशीचा होऊन निघतो. सिनेमात जणू आज अंगठी मिळाली आणि पावसाळ्याआधी बॅग भरली. घाई समजण्यासारखी आहे, पण संकट खिशात वर्षानुवर्षं नुसतं पडून राहतं, ही पुस्तकातली भीती त्यात गेली. टॉम बॉम्बाडिल गाळला म्हणून लोक अजून हळहळतात. मी नाही हळहळत. तो पात्र म्हणून गोड आहे, कथेला त्याच्यावाचून अडत नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. पुस्तकाच्या शेवटी चौघे हॉबिट, म्हणजे फ्रोडो आणि त्याचे तीन बुटके सोबती, जग वाचवून गावी येतात, तर गावच बिघडलेलं. झाडं तोडलीत, गुंड बसलेत, दुष्ट जादूगार सारुमान गावात ठाण मांडून आहे. ज्या घरासाठी लढलो ते आता घर राहिलं नाही, आणि पुन्हा लढाई. जॅक्सनने हे प्रकरण पूर्ण कापलं. मी थिएटरमधून रागाने बाहेर पडलो होतो. पुढे तीन-चारदा बघितल्यावर एक जागा लक्षात आली. चौघे गावातल्या नेहमीच्या गुत्त्यात बसलेत. समोर पेले. आजूबाजूला गलका चाललाय, सगळ्यांचं कौतुक एका भल्यामोठ्या भोपळ्याला. या चौघांकडे कुणी बघतही नाही. ते एकमेकांकडे बघतात, पेले उचलतात, बोलत काहीच नाहीत. बस! परत आलेल्या माणसाला गाव पूर्वीसारखं राहत नाही, हे टॉल्किनने गाव जाळून सांगितलं; जॅक्सनने गाव जसंच्या तसं ठेवून एका भोपळ्याने सांगितलं. त्या भोपळ्यासाठी मी त्याला अर्धं माफ केलंय. अर्धंच.

आता आपल्या घरचं उदाहरण. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणेही दिला. हाडकुळा, चपळ, जिथे तिथे नाक खुपसणारा शाळकरी पोरगा. २०१७ च्या सिनेमात तो मोठा झाला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आला, आणि फेणेचं ते ठरलेलं 'ट्टॉक्' अमेय वाघ करू लागला. अमेयने काम छान केलंय. पण पोरगेला जीव मोठ्यांच्या जगात घुसतो आणि मोठे त्याला मोजत नाहीत, यावर फेणेच्या गोष्टी उभ्या होत्या. वीस वर्षांच्या तरुणाला गुंड मोजतात, मारतातही. सिनेमा थरारक झाला, मिस्कीलपणा गेला. दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवत म्हणून पडद्यावर आणलं, ती मात्र मला फार प्रेमाची युक्ती वाटते: लेखकच आपल्या पोराला हाताशी धरून नव्या जगात घेऊन आलाय.

शेवटी फाळक्यांविषयी बोलल्याशिवाय नाशकातून उठता येणार नाही. त्र्यंबकला जन्मले, इथेच कंपनी थाटली, १९४४ साली इथेच गेले. त्यांची अडचण उलटी होती. प्रेक्षकाला गोष्ट तोंडपाठ, त्यात बलून घुसवायची सोय नाही. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची लेक मंदाकिनी. आणि सिनेमा सुरू होतो तो कृष्णाने नव्हे. आधी ती मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते, हसते, रुसते, रागावते, एकेक भाव चेहऱ्यावर करून दाखवते. मग आपल्या डोळ्यांसमोर तिचा कृष्ण होतो. पुढे तीच पोर कालियाशी झुंजते आणि आपण मुकाट्याने कृष्ण बघत राहतो. तो सिनेमा आज मोबाइलवरही मिळतो. घरी गेल्यावर बघा. मूकपट आहे, रात्री लावला तरी कुणाची झोपमोड होणार नाही.