सूर्याच्या पोटातली सीमा

श्रोतेहो, नमस्कार.

सूर्याकडे कितीही मोठी दुर्बीण रोखली तरी दिसतो तो त्याचा वरवरचा थर. आतलं काहीच नाही. मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, आत तडा असला तर आवाज बद्द येतो. सूर्याला वाजवायला कोणी जायची गरज नाही, तो आपला आपणच वाजतोय. १९६० मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन यांना सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांनी वरखाली होताना आढळला. यात कानाला ऐकू येण्यासारखं काही नाही, बरं का! वर येणाऱ्या वायूच्या वर्णरेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात दिसणाऱ्या बारीक रेषा, किंचित निळ्याकडे सरकतात, खाली जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. त्या सरकण्यावरून वेग काढायचा. ही सूर्याच्या आत कोंडलेल्या ध्वनिलहरींची कंपनं आहेत, हा खुलासा यायला मात्र आणखी दहा वर्षं लागली.

या लहरींचा उपयोग असा, की काही लहरी थोड्याच खोलीवरून परत फिरतात, तर काही थेट गाभ्यापर्यंत जाऊन येतात. शेकडो, हजारो कंपनांची वारंवारता नेमकी मोजली, की कुठल्या थरात ध्वनी किती वेगाने धावतो हे उलट गणिताने काढता येतं. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सर्बानी बसू यांचं बरंचसं आयुष्य या उलट गणितात गेलं आहे. शिक्षण पहिल्यांदा मद्रास विद्यापीठात, एम.एस्सी. पुण्यात, पीएच.डी.चं संशोधन मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मग डेन्मार्कमधलं ऑर्हुस, लंडन, प्रिन्स्टन आणि २००० पासून अमेरिकेतलं येल विद्यापीठ. २०१८ साली त्यांना अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सौरभौतिकी विभागाचा हेल पुरस्कार मिळाला. पदं आणि पुरस्कार इतकेच पुरेत. मला आज बोलायचंय ते एका आकड्याबद्दल.

तो आकडा आहे ०.७१३. सूर्याच्या केंद्रातून निघालेली ऊर्जा बराच प्रवास प्रकाशाच्या रूपाने करते. त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांच्या थोडं पुढे आली, की वायू इतका अपारदर्शक होतो, की प्रकाशाने काम भागत नाही. तिथून वर वायूच उकळून ऊर्जा वाहून नेतो. या दोन प्रदेशांच्या सीमेवर, खोलीगणिक ध्वनीचा वेग ज्या दराने वाढतो तो दर एकदम बदलतो आणि त्याची खूण कंपनांच्या वारंवारतेत उमटते. १९९१ मध्ये क्रिस्टेन्सन-डाल्सगार्ड, गफ आणि थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनी ही सीमा केंद्रापासून त्रिज्येच्या ०.७१३ पट अंतरावर असल्याचं दाखवलं, अनिश्चितता ०.००३. १९९७ मध्ये बसू आणि टाटा संस्थेतले एच. एम. अंतिया यांनी पुन्हा मोजलं. उत्तर तेच, ०.७१३. अनिश्चितता मात्र ०.००१ वर आली. म्हणजे पृष्ठभागाखाली सुमारे २ लाख किलोमीटरवर असलेली सीमा जेमतेम ७०० किलोमीटर इकडेतिकडे! आलेलंच उत्तर पुन्हा काढलं, त्यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. थोडं थांबा, हा शेवटचा दशांश पुढे कामाला येणार आहे.

अशा मोजमापांना सलग निरीक्षण लागतं. सूर्य रोज मावळला, की नोंदीत खंड पडतो आणि त्या खंडामुळे खोट्या वारंवारता डोकावू लागतात. म्हणून १९९५ मध्ये जगभर सहा ठिकाणी सारखी उपकरणं बसवली गेली. त्यातलं एक आपल्या उदयपूरचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोहो हे यान अवकाशात गेलं, त्याच्यापुढे सूर्य मावळतच नाही.

त्या काळात सूर्याचा एक हिशेब जुळत नव्हता. गाभ्यातून यायला हवेत तेवढे न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पृथ्वीवर सापडत नव्हते, सर्वात जुन्या प्रयोगात तर जेमतेम तिसरा हिस्सा हाती येत होता. मग चूक कोणाची? सूर्याच्या प्रारूपाची, म्हणजे गणिताने कागदावर बांधलेल्या सूर्याची, असं अनेकांना वाटे. १९९७ मध्ये जॉन बाकॉल, पिन्सोनो, बसू आणि क्रिस्टेन्सन-डाल्सगार्ड यांनी प्रारूपातला ध्वनीचा वेग आणि कंपनांतून काढलेला वेग शेजारी ठेवले. फरक सरासरी ०.२ टक्क्यांच्याही आत. म्हणजे सूर्य निर्दोष, शोध न्यूट्रिनोच्या स्वभावातच घ्यायला हवा. कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवून दिलं, की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. नोबेल न्यूट्रिनो मोजणाऱ्यांना मिळालं आणि ते योग्यच होतं, पण सूर्याची बाजू ठामपणे मांडणाऱ्यांचं नाव त्या गोष्टीत सहसा निघत नाही, हे मला खटकतं.

आता त्या दशांशाकडे येऊ. २००४-०५ च्या सुमारास मार्टिन आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या वातावरणाची नवी, त्रिमितीय प्रारूपं वापरून वर्णपट पुन्हा वाचला. त्यात ऑक्सिजन, कार्बन वगैरे जड मूलद्रव्यं (खगोलशास्त्रात हेलियमहून जड ती सगळी जडच) पूर्वीच्या मानाने बरीच कमी निघाली. जड मूलद्रव्यं कमी म्हणजे वायू जास्त पारदर्शक. मग प्रकाशाची वाट आणखी वरपर्यंत मोकळी राहते आणि सीमाही वर सरकते, ०.७२ च्याही पुढे. कंपनं तर ०.७१३ सांगतात. अनिश्चितता मोठी असती, तर हा फरक कोणाच्या डोळ्यांत खुपलाही नसता. बसू आणि अंतिया यांनी २००४ पासूनच हे दाखवायला घेतलं, की नव्या आकड्यांवर बांधलेला सूर्य कंपनांशी जमत नाही. सीमा चुकते, हेलियमचं प्रमाण चुकतं आणि सीमेखाली ध्वनीचा वेगही चुकतो.

ही तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने सीमेवर असते जवळपास तेवढ्या तापमानाला लोखंडाची अपारदर्शकता मोजली, तर ती सिद्धांतापेक्षा जास्त भरली. म्हणजे दोष कदाचित ऑक्सिजनच्या मोजणीत नसून अपारदर्शकतेच्या गणितात असेल. २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने वर्णपट पुन्हा तपासून जड मूलद्रव्यांचं प्रमाण जवळजवळ जुन्या आकड्यापर्यंत वर नेलं, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. बसू यांनी मधल्या काळात केप्लर या अवकाशातल्या दुर्बिणीच्या नोंदींवरून दूरच्या ताऱ्यांचीही कंपनं अभ्यासली. तिथे हीच पद्धत ताऱ्याचं वस्तुमान आणि वय सांगते. सूर्याच्या रसायनाचा वाद मात्र त्याच सीमेवर येऊन अडलेला आहे आणि ऑक्सिजनचा जो कोणी नवा आकडा आणेल, त्याला पहिल्यांदा ०.७१३ ला उत्तर द्यावं लागतं.

नमस्कार.