लॅव्हनम: पैसा निघून गेला म्हणून टिकलेलं गाव

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

मंडळी, आज एकाच गावाबद्दल बोलणार आहे. लॅव्हनम. इंग्लंडमध्ये लंडनच्या ईशान्येला सफोक काउंटी आहे, तिथलं हे गाव. लोकसंख्या दोन हजारांच्या आत आणि एवढ्याशा गावात तीनशेहून जास्त इमारती सरकारच्या हेरिटेज यादीत आहेत. फोटो बऱ्याच जणांनी बघितले असतील, वाकडीतिकडी घरं, भिंतीतून बाहेर दिसणारी लाकडं, मधे गुलाबी नाहीतर केशरी चुना. लोक येतात, फोटो काढतात, चहा पितात आणि जातात. पण ही घरं एवढी दाटीवाटीने एकाच काळातली का आहेत, आणि नंतर पाडली का नाहीत, हे कळलं ना की त्या रस्त्यांवरून चालायची मजाच वेगळी होते.

आता सगळा पैसा आला कुठून, तर लोकरीच्या कापडातून. लॅव्हनमचं निळं ब्रॉडक्लॉथ, म्हणजे जाड लोकरी कापड, युरोपभर जायचं. वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून तो निळा रंग करायचे, आतलं रंगद्रव्य तेच जे आपल्या निळीत असतं. सूत आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका कातायच्या, विणकर घरी विणायचे आणि हे सगळं चालवणारे मोठे व्यापारी, त्यांना क्लोदियर म्हणत. त्यातला थॉमस स्प्रिंग इतका श्रीमंत की 1523 मध्ये तो वारला तेव्हा चर्चच्या टॉवरसाठी मृत्युपत्रात 200 पौंड ठेवून गेला, त्या काळातले 200 पौंड. तो टॉवर 141 फूट उंच आहे, कितीतरी लांबून दिसतो. चर्चला दुसरा मोठा हात ऑक्सफर्डच्या अर्लचा, म्हणजे डी व्हेअर या सरदार घराण्याचा, म्हणून दगडात त्यांच्या घराण्याचं चिन्ह, तारा, कोरलेला दिसतो. 1524 च्या करवसुलीत हे गाव देशातल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं, यॉर्क शहराच्याही वर.

आणि लगेच पुढच्या वर्षी काय झालं बघा. आठव्या हेन्रीला फ्रान्सशी लढाईसाठी पैसे हवे होते, मंत्री वूल्झीने जादा वसुली काढली, मालमत्तेचा सहावा हिस्सा वगैरे. क्लोदियर लोकांनी होकार दिला पण मजुरांना सांगून टाकलं की आता तुम्हाला काम देणं जमणार नाही. मग हजारो माणसं लॅव्हनमजवळ जमली. समोर दोन ड्यूक सैन्य घेऊन. त्यांनी विचारलं तुमचा म्होरक्या कोण, तर जॉन ग्रीन नावाचा विणकर म्हणाला, आमच्या म्होरक्याचं नाव गरिबी. राजाने ती वसुली मागे घेतली. मला या गावाचा इतिहास सांगताना हे वाक्य सोडून पुढे जाताच येत नाही, कारण ज्या कारागिरांच्या कापडावर ही सगळी घरं उभी राहिली त्यांचा आवाज कागदावर फार क्वचित उतरलाय.

मार्केट प्लेसमधला गिल्डहॉल साधारण 1530 चा, पांढऱ्या भिंती आणि रुपेरी झालेलं ओक. कॉर्पस क्रिस्टी गिल्डने बांधला, ही धार्मिक संघटना होती, श्रीमंत सभासदांची. पण 1547 मध्ये असल्या संघटनाच बंद झाल्या, म्हणजे बांधणाऱ्यांना तो वीस वर्षंसुद्धा पुरता लाभला नाही. पुढे तिथे तुरुंग झाला, गरिबांसाठीचं वर्कहाउस झालं. आणि तोपर्यंत धंदाही उतरत चालला होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंड-फ्लँडर्सकडून धर्मछळामुळे पळून आलेले विणकर जवळच्या कोल्चेस्टरला स्थायिक झाले, त्यांचं कापड हलकं, स्वस्त, नव्या फॅशनचं. लॅव्हनमचं जाड कापड कोण घेणार? गाव गरीब झालं आणि पुढची तीनशे वर्षं तसंच राहिलं.

आता इथेच खरा मुद्दा आहे. ज्या गावांत पैसा येत राहिला तिथे अठराव्या शतकात लोकांनी जुनी लाकडी घरं पाडून विटांची बांधली, किंवा निदान समोरून विटांची भिंत घालून जुनं झाकून टाकलं. लॅव्हनमकडे तेवढे पैसे नव्हते. फार तर वरून गिलावा दिला. त्यामुळे 1450 ते 1530 च्या दरम्यानचं जवळजवळ अख्खं गाव गिलाव्याखाली शाबूत राहिलं.

बरं, ही घरं वाकडी का? लोकांना वाटतं पाया खचलाय. काही ठिकाणी असेलही, पण मोठं कारण म्हणजे ओक ओला असतानाच कापून वापरायचे, वाळलं की लोखंडासारखं कडक होतं आणि हत्यार चालत नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात खाच पाडायची, दोन्हीतून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. मग घर उभं झाल्यावर लाकूड वर्षानुवर्षं वाळतं, आक्रसतं, पिळवटतं, आणि सांधे त्याबरोबर हलतात पण सुटत नाहीत. लाकडांच्या मधली भिंत आपल्या कोकणातल्या कुडासारखी, काड्यांचं विणकाम आणि वर माती, शेण, पेंढा, मग चुना. भिंतीत उभी लाकडं जितकी दाट तितका मालक श्रीमंत, कारण तेवढ्या लाकडांची गरज नसायची, तो दिखावा होता. वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असतो. आणि सुताराने जमिनीवर जुळवताना तुळयांवर रोमन आकडे कोरलेले असतात, कुठली कुठे बसते ते कळायला, ते अजून वाचता येतात.

म्हणजे हे घर म्हणजे सुटं करता येणारा सांगाडा. याचा एक धोकाही झाला. इथला वूल हॉल पहिल्या महायुद्धाच्या आधी व्हिक्टोरिया राणीची मुलगी प्रिन्सेस लुईस हिच्यासाठी उतरवला गेला, अ‍ॅस्कॉटला नेऊन पुन्हा उभा करायचा बेत होता. गावात आणि बाहेरही आरडाओरडा झाला आणि लाकडं परत येऊन हॉल होता तिथेच पुन्हा उभा राहिला, आज तो स्वान हॉटेलचा भाग आहे. त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं, तेव्हा त्यांच्या बाजूने कायदा नव्हता. यादीत नोंद करून इमारतीला संरक्षण द्यायची पद्धत 1947 च्या कायद्यानंतर नीट बसली. गिल्डहॉल 1951 मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आला, आत जाऊन बघता येतो.

पण पाडणं थांबलं तरी दुरुस्तीनेही घर मरतं. सिमेंट आलं आणि जिथे चुन्याचा गिलावा होता तिथे लोकांनी सिमेंटचा दिला, मजबूत म्हणून. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, मग बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. चुन्यातून ओल उडून जायची. सिमेंटच्या मागे ती लाकडातच राहते आणि पाचशे वर्षं टिकलेली तळाची तुळई थोड्याच वर्षांत कुजते, वरून रंग एकदम छान दिसत असतो. म्हणून दुरुस्तीत पहिलं काम सिमेंट उतरवायचं, कुजलेला तेवढाच तुकडा कापून तिथे नवं ओक जोडायचं, बाकीचं जुनं लाकूड जागचं हलवायचं नाही, आणि वर परत चुना. चुना थरावर थर द्यावा लागतो, थंडी गोठवणारी पडली की काम बंद, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. घरमालकांना हा खर्च जड जातो हे खरंय, त्यांना नुसते नियम दाखवून भागणार नाही, चुन्याचं काम येणारे गवंडी आणि ओकचा सांधा हाताने करू शकणारे सुतार तयार करायला पैसे घातले पाहिजेत, नवी पोरं त्या कामाला लागली पाहिजेत.