तिथी पाहा, मग किल्ला पाहा

मंडळी, अलिबाग-मुरूडची सहल ठरली की आपण आधी सुट्टी पाहतो आणि मग हॉटेल. माझी विनंती एवढीच, की त्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा. कोळी मंडळींचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. सहा तास मागे या, सकाळी नऊला ओहोटी. त्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी धरावी, आणि किल्ल्यात जाण्याआधी परतीची वेळ किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून घ्यावी.

कुलाब्याच्या तटाशी जरा थांबा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक बसवलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं झाला. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, ती चुकवू नका.

आता मुरूडकडे. जंजिऱ्याबद्दल मी फार बोलत नाही; राजपुरीहून शिडाच्या होडीने सगळेच जातात, कलाल बांगडी तोफेजवळ फोटो काढतात. जावंच, सिद्दींचा हा किल्ला कुणालाही लढून घेता आला नाही. पण तटावर उभं राहून वायव्येला पाहा. समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, तो कासा, म्हणजे पद्मदुर्ग. तो बांधून सिद्दींच्या राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवली, असं महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलंय, आणि त्याच पत्रात रसद वेळेवर न पोचवल्याबद्दल त्याची चांगली खरडपट्टी काढलीय. जलदुर्ग म्हणजे नुसता तट नव्हे, रोजचं धान्य पोचवणंही आलं, हे त्या पत्रात जितकं कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलेलं नाही.

पद्मदुर्गाला नेहमीची होडी नाही, मुरूडच्या कोळ्यांशी आधी बोलून ठरवावं लागतं. तरी जाच. तिथल्या तटाला हात लावून पाहा. खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड झिजून आत गेलाय आणि दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. साडेतीनशे वर्षांनी दगड हरला आणि चुना टिकला! तो कालवणाऱ्या गवंड्यांची नावं कुठे नोंदलेली असती तर मी ती इथे मोठ्याने वाचली असती. तो चुना नखाने उकरणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून आपल्या मुलांना तसं करू देऊ नका.

शेवटी खांदेरी, थळसमोरच्या समुद्रातला बेटावरचा किल्ला. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले जे किल्ले गेले, त्यांत हा एक. 1679 मध्ये महाराजांच्या आरमारातले सरदार मायनाक भंडारी यांनी इथे तटबंदीचं काम सुरू केलं आणि मुंबईचे इंग्रज आडवे आले. त्यांची जहाजं मोठी, वारा पडला की जागच्या जागी अडकणारी. आपल्या होड्या लहान आणि उथळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या; रात्रीच्या अंधारात त्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांची त्याच्यावर फार श्रद्धा. तिथे सहलीला आल्यासारखा गोंगाट करू नये. ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा दगडही पाहून घ्या.

थळहून होडी केलीत तर नाखव्याला उंदेरीच्या जवळून न्यायला सांगा. खांदेरी मराठ्यांकडे गेल्यावर सिद्दीने लगेच ते बेट धरून तिथे तोफा चढवल्या. दोन्ही बेटांमधलं पाणी किती थोडं आहे, हे त्या होडीतच नीट कळतं.