पाच, आठ, चार

[काळा पडदा. फक्त आवाज.]

पाच, आठ, चार.

हा आकडा लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारतो.

हेन्री मोलेसन नावाच्या एका अमेरिकन माणसाला हाच आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. पंधरा मिनिटांनी विचारलं, तर त्यानं बिनचूक सांगितला. कसं जमलं? म्हणाला, सोपं आहे. तिन्हींची बेरीज सतरा. आठ लक्षात ठेवायचे. सतरातून आठ गेले, उरले नऊ. नवाचे दोन भाग, पाच आणि चार. झालं!

मग दुसराच विषय निघाला. मिनिटभरानं पुन्हा विचारलं. आकडा तर गेला होताच, पण आपल्याला कुणी आकडा दिला होता, हेही हेन्रीच्या गावी नव्हतं.

[जुनी छायाचित्रं. कनेक्टिकट राज्य.]

जन्म १९२६चा. लहानपणापासून फिट्स यायच्या, त्या इतक्या वाढल्या की कामावर जाणं अशक्य झालं. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या भुवयांच्या वर दोन भोकं पाडली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव त्यातच होता. नवी आठवण तयार व्हायला तो लागतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हेन्रीमुळेच ते कळलं.

फिट्स कमी झाल्या. बुद्धी शाबूत राहिली. बालपण आठवत होतं, बोलणं नीट, शब्दकोडी सोडवण्याची हौस तशीच. पण त्या दिवसानंतरचं जवळजवळ काहीच टिकेना.

आपल्याकडे म्हणतात, ‘तो आता पूर्वीचा राहिला नाही.’ वाक्य मोठं गमतीचं आहे. राहिला नाही म्हणायचं, आणि वाक्याचा कर्ता मात्र तोच!

इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञानं १६९४ साली याचा हिशेब मांडला होता. आठवण मागे जिथवर पोचते, तिथवर माणूस तोच. बरं, मघाचा आकडा आठवतोय ना? मग लॉकच्या मते ही चित्रफीत सुरू झाली तेव्हा जे बसले होते, ते तुम्हीच. पण या हिशेबानं सकाळचा हेन्री आणि संध्याकाळचा हेन्री, दोघांची ओळखही नाही.

त्याच्या कितीतरी आधी मिलिंद राजानं भिक्खू नागसेनाला जवळपास हेच विचारलं होतं. नागसेनानं दाखला दिला दुधाचा. दुधाचं दही होतं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. दही म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून दहीही नाही. मला हा दाखला लॉकपेक्षा जवळचा वाटतो. हेन्रीच्या बाबतीत एवढंच झालं, की १९५३ साली त्याच्या घरातलं विरजणच काढून नेलं.

सगळं नाही, थोडं उरलं होतं.

[आरसा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी. पेन्सिल धरलेला हात.]

मॉन्ट्रियलहून ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला यायच्या आणि दर वेळी स्वतःची नव्यानं ओळख करून द्यायच्या. त्यांनी त्याला फक्त आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तुम्ही करून बघा, हात उलटाच जातो. हेन्री तीन दिवस गिरवत होता. हात सुधारत गेला, तिसऱ्या दिवशी तर सफाईदार झाला. आणि दर वेळी त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. आपलंच काम बघून त्याला नवल वाटलं. म्हणजे हाताला माहीत होतं, हेन्रीला नव्हतं. आता यातला ‘मी’ कोण?

तो स्वतः म्हणायचा, की आपण स्वप्नातून नुकतेच जागे झालोय असं वाटतं. आणि त्याला काळजी एकच असायची: मघाशी माझ्या तोंडून काही वावगं तर गेलं नाही ना?

वडील वारले, तेव्हा त्यानं तसं एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात ठेवली.

[मोठा विराम.]

१९९२ साली त्यानं एका कागदावर सही केली: माझ्यामागे माझा मेंदू संशोधनाला द्यावा. सोबत न्यायालयानं नेमलेल्या पालकाची सही होती. आता ही सही कुणाची धरायची? काही मिनिटांनी जो ती विसरणार, त्याची? तरी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. सुझन कॉर्किन या संशोधिकेनं शेवटपर्यंत त्याचा अभ्यास केला. माझ्यामुळे इतरांना मदत होते, असं हेन्री त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचा. आधी काय बोललो हे ठाऊक नसताना, उत्तर तेच. पाठ केलेलं असणं शक्यच नव्हतं.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. स्वभावाला शस्त्रक्रियाही नाही, असं म्हणायचा मोह होतो खरा. पण थांबा. स्कोव्हिलनं अमिग्डलाचाही, म्हणजे भावनांशी जोडलेल्या मेंदूतल्या अवयवाचाही, बराच भाग काढला होता. भुकेची, दुखण्याची तक्रार हेन्री क्वचितच करायचा. एकदा जेवण आटोपल्यावर लगेच दुसरं ताट समोर ठेवलं, तर तेही जेवला. मग सगळ्यांना भावलेला तो शांतपणा हेन्रीचा, की स्कोव्हिलच्या शस्त्राचा?

२ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी तो गेला. जगाला तोवर तो फक्त ‘एच. एम.’ म्हणून माहीत होता. नाव कळलं ते मेल्यावर. वर्षभरानं सॅन डिएगोत त्याच्या गोठवलेल्या मेंदूचे २,४०१ पातळ काप केले. काम ५३ तास चाललं, लोकांनी ते इंटरनेटवर थेट पाहिलं.

[पुन्हा आरसा. आता चांदणी नाही.]

म्हातारपणी एकदा तो आरशात बघत असताना कुणीतरी विचारलं, कसा दिसतोस, काय वाटतं? नवं काही न साठवणाऱ्या या माणसानं समोरच्या पिकल्या चेहऱ्याकडे पाहिलं. दचकला नाही, हा कोण असंही विचारलं नाही.

म्हणाला, ‘मी काही आता पोरगा नाही.’