शंभरातले नव्याण्णव

[दृश्य: वसई परिसरातला जून महिन्यातला बाजार. टोपलीत शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडांचे वाटे.]

पहिले पाऊस झाले की वसई-पालघरच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. कोंबांच्या जुड्या आणि त्यांच्याबरोबर काकडं, बोराएवढी आंबट हिरवी फळं. नवखा माणूस जुडी घेतो आणि काकडं तिथंच सोडून येतो. घरी हौसेनं भाजी होते आणि पहिल्याच घासाला घसा खाजायला लागतो. शेवळांची खाज काकडांच्या आंबटपणानं मरते. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ते आई-आजीकडून ऐकलेलं असतं.

या भागातल्या एका ताईंनी त्यावर व्हिडिओ केला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. वरचं आवरण कसं सोलायचं, आतला पिवळसर भाग कुठवर काढून टाकायचा, हे त्यांनी कोंब कॅमेऱ्यासमोर धरून सावकाश दाखवलं. घाई केली असती तर ते कुणाला कळलंच नसतं. रात्री व्हिडिओ चढवला. सकाळी यूट्यूबच्या स्टुडिओ ॲपमध्ये पहिली ओळ दिसली ती अशी, की मागच्या दहा व्हिडिओंमध्ये या व्हिडिओचा नंबर नववा.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. बोट खाली सरकतंय.]

मग त्यांनी दुसऱ्या एका बाईंचं चॅनल उघडलं. साधारण एकाच सुमाराला सुरू झालेलं, तसंच घरगुती जेवणाचं. तिथं पनीरच्या भाजीला लाखावर व्ह्यूज होते. त्या दिवशी ताईंच्या ओट्यावर कर्टोली धुऊन ठेवलेली होती. तिचा व्हिडिओ त्यांनी बाजूला ठेवला आणि डेअरीतून पनीर आणलं.

मन खट्टू होणं वाईटच, पण ते निवळतं. कर्टोली राहून जाते, हे नुकसान भरून येत नाही. पनीरचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं आहेत.

[दृश्य: ताई व्हिडिओ संपादित करताना. कानाला इअरफोन.]

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये अशा तुलनेवर एक निबंध लिहिला. आपण किती पाण्यात आहोत हे मोजायला पक्कं माप नसेल, तेव्हा माणूस आजूबाजूच्या माणसांकडे बघतो, असं त्याचं म्हणणं. आणि बघतो तेही आपल्यासारख्यांकडेच. गल्लीत क्रिकेट खेळणारा मुलगा सचिनशी बरोबरी करत नाही, शेजारच्या सोसायटीतल्या मुलाशी करतो. भाजी चांगली जमली की नाही हे जेवणारा सांगतो. व्हिडिओ चांगला जमला की नाही, हे सांगायला ताईंच्या स्वयंपाकघरात कुणी नाही. मग दुसऱ्याचा आकडा हेच माप होतं.

आता या मापाचा हिशेब बघू. तो एकदा नीट समजला की निम्मं ओझं उतरतं, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: कोरा कागद, पेन्सिल. आकडे एकेक करून लिहिले जातात.]

समजा, मराठीत पाककृती दाखवणारे शंभर जण आहेत. नव्याण्णव जणांचे प्रत्येकी १०० सबस्क्रायबर आणि एकाचे १०,०००. बेरीज १९,९००. शंभरानं भागलं की सरासरी १९९. म्हणजे शंभरातले नव्याण्णव जण सरासरीच्या निम्म्यावर रेंगाळताहेत. त्यांच्यातला कुणी आळशी नाही, कुणाच्या हाताला चव नाही असंही नाही. वरच्या एकामुळे सरासरीच वर ओढली गेली आहे.

आणि आपल्या फोनवर हे शंभर जण सारखे येत नाहीत. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये दाखवून दिलं की आपल्या मित्रांना सरासरीनं आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला विचित्र वाटतं, कारण मात्र सोपं आहे. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत असतो. ज्याला दोनच, तो दोघांच्याच यादीत. त्यामुळे कुणाचीही यादी काढा, तिच्यात लोकप्रिय माणसांचीच गर्दी सापडते. २०११ मध्ये फेसबुकच्या आकडेवारीवर हे तपासलं, तेव्हा शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांचं तसंच निघालं. आपण ज्यांचे व्हिडिओ रोज बघतो ती माणसं मोठी असणारच, ती मोठी आहेत म्हणून तर आपल्यापर्यंत पोचली.

शिवाय कोण केव्हा आलं, तेही बघायला हवं. मधुरा बाचल यांचं मधुराज रेसिपी हे पाककृतींचं चॅनल २००९ पासून यूट्यूबवर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि महाराष्ट्राच्या गावागावांत लोक व्हिडिओ बघायला लागले. तोवर बाचल यांच्या गाठीला सात वर्षांचं काम होतं. आज सुरू करणाऱ्यानं आपला पहिला पावसाळा त्यांच्या इतक्या वर्षांशेजारी मांडायचा, याला काही अर्थ नाही. कमाईचंही तसंच. जाहिरातीचा दर प्रेक्षक कुठल्या देशातला आहे यावरही ठरतो आणि बीडमधल्या प्रेक्षकाचा दर अमेरिकेतल्या प्रेक्षकापेक्षा बराच कमी पडतो. सारख्याच व्ह्यूजचे पैसे सारखे नसतात.

[दृश्य: सबस्क्रायबरांचा भरभर पळणारा आकडा.]

आकड्यांचा हा जाच कंपन्यांनाही ठाऊक आहे. २०१८-१९ मध्ये टी-सीरिज ही संगीत कंपनी आणि स्वीडनचा यूट्यूबर प्यूडीपाय यांच्यात सबस्क्रायबरांच्या पहिल्या नंबरासाठी चुरस होती आणि लोक त्यांचे पळते आकडे थेट बघत बसायचे. सप्टेंबर २०१९ पासून यूट्यूबनं चॅनलचा नेमका आकडा चारचौघांत दाखवणं थांबवलं, ढोबळ आकडा दाखवायला सुरुवात केली. व्हिडिओ करणाऱ्यांवर येणारा ताण, हे एक कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. इन्स्टाग्रामनं त्याच वर्षी कॅनडात लाइकचे आकडे लपवून बघितले आणि २०२१ मध्ये तो पर्याय सगळ्यांना दिला. सेटिंगमध्ये तो आजही आहे. वापरावा, त्यात कमीपणा काही नाही.

तुलना करूच नका, असं सांगणारे खूप भेटतात. मला तो सल्ला पटत नाही, कारण तो पाळता येत नाही. आपल्याच कामात मुरलेला दुसरा माणूस दिसला की नजर जाणारच. ती कशावर जाते, एवढं आपल्या हातात असतं. व्ह्यूजवर गेली तर हाती हळहळ लागते. आवाज इतका स्वच्छ कसा, झाऱ्याच्या टोकावरचा बुडबुडा इतका ठळक कसा, याकडे गेली तर शिकायला मिळतं.

[दृश्य: शेवळांच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया.]

नवव्या नंबरच्या त्या व्हिडिओखाली कुणीतरी विचारलंय, काकडं मिळाली नाहीत तर चिंच चालेल का? एकानं चालेल म्हटलंय. दुसऱ्यानं कोकम सुचवलंय. तिसरीनं दोघांनाही खोडून काढत आपल्या घरची रीत सविस्तर लिहिली आहे. पनीरच्या व्हिडिओखाली हात जोडलेले आणि बदामाचे इमोजी रांगेनं आहेत. दोन्हीकडची माणसं वेगळी, त्यांची गरज वेगळी, आणि हा फरक कुठल्याही आलेखात दिसत नाही.

ताई आता आकडे फक्त रविवारी उघडतात. कमाईकडे जाणारी ५०० सबस्क्रायबरची पायरी यूट्यूबच्या नियमातच आहे, तिच्यापुढे १,००० ची. तिथं पोचायला दुसऱ्या कुणाचा आकडा लागत नाही. कर्टोली त्यांनी पुढच्या आठवड्यात केली, बिया काढाव्यात की ठेवाव्यात या वादासकट.

आणि पनीरवाल्या बाईंना त्यांनी निरोप पाठवला. कौतुकाची दोन वाक्यं आणि एक प्रश्न, की तुमच्या ओट्यावर उजेड कुठून येतो, दिवा कुठला वापरता? उत्तर त्याच संध्याकाळी आलं. दिवा नाही. ओटा खिडकीशी आहे, चित्रीकरण सकाळी अकरा ते एक, आणि ऊन थेट आलं तर खिडकीला पांढरी ओढणी. शेवटी त्यांनीही एक प्रश्न विचारला होता: आमच्याकडे शेवळं येतात, पण करायला कधी धजावले नाही, काकडं किती घ्यायची?