कर माफ असावा, हिशेब माफ नसावा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक धर्मोपदेशक, आणि त्याच्यामागे पांढरंशुभ्र खासगी जेट विमान. खाली पुतण्यानं लिहिलं होतं, ‘काका, हे बघा. यांना टॅक्स नाही. आणि आपल्याकडचेही तसलेच.’

पुतण्याचं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसऱ्या वाक्यानं मात्र मला झोप लागली नाही. मी पस्तीस वर्षं नगर जिल्ह्यात धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो. देवस्थानं, दर्गे, चर्च, तालमी, वाचनालयं, सगळ्यांची दप्तरं हातातून गेलीत. म्हणून आज या विषयावर बोलायला आलोय.

आधी अमेरिकेबद्दल. २०१५ साली जॉर्जियातल्या क्रेफ्लो डॉलर या उपदेशकाच्या संस्थेनं साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी भक्तांकडे मदत मागितली. २०१८ साली लुईझियानाच्या जेसी डुप्लांटिस यांनी ५ कोटी ४० लाख डॉलरच्या विमानाची गोष्ट काढली, आणि त्यांच्याकडे विमानं आधीपासून होती. टेक्ससमध्ये केनेथ कोपलंड यांचं तळ्याकाठचं घर १८,००० चौरस फुटांचं आहे. कागदोपत्री ते ‘पाळकाचं’, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, ‘निवासस्थान’ आहे, म्हणून त्याला मालमत्ता कर नाही. आपण दोन खोल्यांची घरपट्टी उशिरा भरली तर दंड लागतो, हे इथं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण नीट ऐका. करमाफीत वाईट काही नाही. १९७० साली न्यूयॉर्कच्या वॉल्झ नावाच्या एका वकिलानं, ज्याच्या मालकीचा जमिनीचा एक लहानसा तुकडा होता, थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्याचं म्हणणं, चर्चला कर माफ म्हणजे तो भार माझ्यावर येतो. न्यायालयानं ते मानलं नाही. ही सवलत रुग्णालयांना, ग्रंथालयांना मिळते तशी चर्चलाही मिळते, आणि कर लावायचा म्हटलं तर सरकार धर्मात आणखी गुंतेल, असं न्यायालयानं सांगितलं. मला ते पटतं.

गोम पुढं आहे. तिथल्या इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी विवरणपत्र द्यावं लागतं, ते कुणालाही बघता येतं. चर्चला ते द्यावंच लागत नाही. शिवाय १९८४ च्या कायद्यानं चर्चची करचौकशी सुरू करणंही अवघड करून ठेवलंय. २००७ साली सिनेटर चक ग्रासली यांनी सहा बड्या टीव्ही उपदेशकांना पत्रं पाठवून हिशेब विचारले. दोघांनी नीट उत्तरं दिली, चौघांनी दिली नाहीत. २०११ च्या जानेवारीत अहवाल आला. शिक्षा कुणालाही नाही. म्हणून मी म्हणतो, कर माफ असावा, हिशेब माफ नसावा. पुन्हा सांगतो, कर माफ असावा, हिशेब माफ नसावा.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती १९९३ सालची.

मी नुकताच स्वतंत्रपणे काम करू लागलो होतो. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातलं छोटं चर्च माझ्याकडे आलं. निघताना माझे वरिष्ठ म्हणाले, ‘परदेशी पैसा नीट बघ.’ एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, ‘त्यांना काय कमी, मिशनची पोती येतात.’ आमच्या भागात ‘बाटगे’ हा शब्द अजूनही कानावर येतो. तो मला तेव्हाही टोचायचा, पण खरं सांगायचं तर पैशाबद्दलचा संशय माझ्याही मनात होता.

मे महिना. दगडी भिंती, वर पत्रे, आत भट्टी. खजिनदार मावशी निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी लोखंडी पेटीतून फडक्यात बांधलेलं दप्तर काढलं: रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं. अक्षर असं की कुठं खाडाखोड नाही. (अक्षराबद्दल मी फार आग्रही आहे. आज मुलांना संगणक शिकवता, जरूर शिकवा, पण एक वही महिनाभर स्वच्छ लिहायलाही शिकवा. आपल्या घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडणारी बाई कुठल्याही संस्थेची खजिनदारी सांभाळू शकेल, असं माझं ठाम मत आहे.)

परदेशी देणगी: शून्य. मी दोनदा पाहिलं. जमेला रविवारचं अर्पण, कुणाचे पाच, कुणाचे दोन रुपये. आणि मग नोव्हेंबरात, कापणीच्या सणाच्या दिवशी, पावती क्रमांक ४१, डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, रुपये ११. पावती ४२, डांगराचे रुपये १५. पावती ४३, डांगराचे रुपये २१. पावती ४४, डांगराचे रुपये ४०.

मी विचारलं, ‘मावशी, डांगरं किती आली होती?’

‘एकच, साहेब.’

‘एकच? आणि विकलं चार वेळा?’

‘हो.’

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, सापडलं. एक वस्तू, चार विक्र्या. शिवाय चौथ्या पावतीची रोख जमाच नाही! चाळीस रुपये पेटीत आलेलेच नाहीत. मी खतावणी उलटली, तर चौथी पावती पाळकसाहेबांच्या नावावर. मी आवाज जरा चढवून म्हणालो, ‘पाळकांनी पैसे भरले नाहीत?’

मावशी चिडल्या नाहीत. त्यांनी पान उलटून बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: पाळकसाहेबांचा पगार देणे, महिने दोन, रुपये १,२००. त्याखाली: वजा डांगराचे ४०. शिल्लक देणे १,१६०.

श्रोतेहो, मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून तुम्हाला सावकाश सांगतो. कापणीच्या सणाला लोक शेतातला पहिला माल आणतात. कणसं, अंडी, गवार, कोंबडी, जे असेल ते. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. घेणारा पैसे देतो आणि बरेचदा वस्तू परत तिथंच ठेवतो. म्हणतो, पुन्हा बोली लावा. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, माल थोडा आला होता. ते डांगर पहिल्यानं अकराला घेऊन परत ठेवलं, दुसऱ्यानं पंधराला घेऊन परत ठेवलं, तिसऱ्यानं एकवीसला. चौथी बोली पाळकसाहेबांची, चाळीस. महिना सहाशे रुपये पगार, तोही दोन महिने मिळालेला नाही, खिशात पैसे नाहीत. ते मावशींना म्हणाले, माझ्या पगारातून वळते करा.

आणि मावशींनी वळते केले, पावती फाडून, खतावणीत मांडून.

मी विचारलं, ‘मग पाळकसाहेबांनीही डांगर परत ठेवलं का?’

‘नाही. लोकांनीच ठेवू दिलं नाही. घरी न्यायला लावलं. पाळकसाहेबांच्या बाईंनी त्याचे घारगे केले, गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाटले. घारग्यांची पावती नाही फाडली, साहेब.’

त्या दुपारी पाळकसाहेब सायकलवरून आले. पायजम्याला चेनचं काळं लागलेलं. मला म्हणाले, ‘काही चुकलं असेल तर लिहा, आम्ही दुरुस्त करू.’ मी शेऱ्याच्या रकान्यात काहीही लिहिलं नाही.

पुतण्या म्हणतो, ‘आपल्याकडचेही तसलेच.’ कसले तसलेच? अमेरिकेतसुद्धा ज्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही असे लहान चर्चचे पाळक असंख्य आहेत. त्यांतले कितीतरी आठवडाभर दुसरी नोकरी करून रविवारी उपदेश करतात. तिथले नामवंत धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांनी तर १९४८ सालीच आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसून पैशाबाबत स्वतःवर बंधनं घालून घेतली होती. जेटवाल्यांच्या नावानं बोल लागतो तो या सगळ्यांना, आणि सात समुद्रांपलीकडच्या नेवाशातल्या माणसालाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

राहिला आपला कायदा. थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे. मंदिर असो, चर्च असो, नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आणि हिशेब तपासून द्यायचे. आयकराची सूट हवी तर उत्पन्नाचे साधारण ८५ टक्के त्या कामावर खर्च व्हायला हवेत, हेही सगळ्यांना सारखंच. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि फादर यांच्या पगारातूनही कर कापला जाईल, मग त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेऊन सगळा पगार संस्थेला दिला तरी. म्हणजे ‘त्यांना सगळं माफ’ हे इथं तर मुळीच खरं नाही. कायदा सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. अर्धवट दप्तरं मी सगळ्या धर्मांची पाहिलीत. म्हणून तिसऱ्यांदा सांगतो, कर माफ असावा, हिशेब माफ नसावा. तुम्ही ज्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये दान टाकता, तिथं पावती मागा. मोबाइलवरून पैसे पाठवलेत तरी मागा. पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

पुतण्याला मी उत्तर लिहिलं नाही. रविवारी गाडीत घालून त्या खेड्यात घेऊन गेलो. मावशी आता नाहीत. दगडी भिंती त्याच आहेत, पत्रे नवे आहेत. दाराशी अर्पणाच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर महिन्याचा जमाखर्च, हातानं लिहिलेला. पुतण्या बराच वेळ तो कागद वाचत उभा होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पाळकांचा पगार देणे, निरंक.