इंजिनवर कार्बन फायबर लावून गाडी खरंच किती हलकी होते?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट एकाच गोष्टीवर होत्या, की भाऊ स्पोर्ट्स कारच्या इंजिनचे पार्ट कार्बन फायबरमध्ये कस्टम बनवून घेतले तर वजन किती उतरेल. बोलतो, पण आधी हे बघा.

(टेबलावर चार तुकडे आणि किचनमधला डिजिटल काटा)

चारही तुकडे एकाच मापाचे, १० बाय १० सेंटीमीटर, जाडी ३ मिलिमीटर. स्टील ठेवतो, २३५ ग्रॅमच्या आसपास. ॲल्युमिनियम, ८१. आता कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून कडक केलेलं, ४८. भारी ना? थांबा. हा चौथा काळा तुकडा काचेचे बारीक तंतू मिसळलेल्या नायलॉनचा आहे, आजकालच्या बऱ्याच गाड्यांचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरपर्यंत हवा नेणारे पाइप, याच प्लास्टिकचा असतो. ४१ ग्रॅम. कार्बनपेक्षा हलकं!

आता मला सांगा, कंपनीनं आधीच प्लास्टिकचा दिलेला पार्ट काढून तुम्ही तिथे महागडा कार्बनचा बसवला तर वाचलं काय? कार्बन जास्त ताठ असतो त्यामुळे पातळ बनवता येतो हे खरं, म्हणजे थोडेफार ग्रॅम वाचतीलही, पण तेवढ्यासाठी कोण पैसे घालतं. आणि काही जण तर ओरिजनल कव्हरवरच कार्बनचा एक थर चिकटवून देतात, वर चकचकीत पारदर्शक क्लिअर कोट. त्यानं वजन वाढतं राव. दिसायला कडक दिसतं, नाही म्हणत नाही, पण मग दिसण्यासाठी लावलं असं सरळ सांगावं.

लोक लगेच बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ सीएसएलचं उदाहरण देतात, २००३ ची गाडी, इंजिनकडे हवा नेणारा कार्बनचा तो मोठ्ठा डबा, म्हणजे एअरबॉक्स. गाडी साध्या एम३ पेक्षा तब्बल ११० किलोनं हलकी होती. पण ते ११० किलो आले कुठून? कार्बनचं छप्पर, मागची पातळ काच, काढून टाकलेलं साउंड इन्सुलेशन, हलक्या सीट, एसी आणि रेडिओ पण मागितला तरच. एअरबॉक्सचं खरं काम हवा नीट आत नेणं आणि तो आवाज, जो एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. त्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सरच काढून टाकलेला आहे, ट्यूनिंग वेगळं आहे, त्यामुळे नुसता डबा आणून साध्या एम३ ला लावला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हात लावला नाही असं चालत नाही.

मग फायदा कुठे? जिथे ओरिजनल पार्ट धातूचा आहे, फार तापत नाही आणि उंचावर आहे. टॅपेट कव्हर घ्या. इंजिनच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, झाकण म्हणून बसतं, तिथलं किलोभर कमी झालं की गाडीचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (गुरुत्वमध्य) पण जरासा खाली येतो. पण खरी गंमत इथेच सुरू होते.

ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाढतं. अर्धा मीटर लांबीचं हेड २० डिग्रीवरून १०० डिग्रीला गेलं की साधारण ०.९ मिलिमीटर लांब होतं. कार्बन जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे खाली हेड सरकतंय, वर कव्हर तसंच बसलंय आणि मधे बिचारं पॅकिंग रगडलं जातंय. बोल्टची भोकं अगदी टाइट ठेवली तर कव्हर तडकेल नाहीतर ऑइल गळेल, म्हणून भोकं थोडी सैल आणि बोल्टखाली ग्रोमेट, म्हणजे रबरी रिंगा, लागतात. शिवाय बोल्ट सरळ कार्बनवर आवळला की रेझिन हळूहळू दबतं आणि टॉर्क, म्हणजे बोल्टची आवळ, उतरतो, त्यामुळे प्रत्येक भोकात धातूचा स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, पाहिजेच. आता त्या स्लीव्हचं आणि बोल्टचं वजन परत मोजा!

दुसरा घोळ रेझिनचा. कार्बनचं कापड इंजिनची उष्णता आरामात सोसतं, पण त्याला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे बहुतेक वेळा इपॉक्सी? हाताने थापून रूम टेंपरेचरला सुकवलेलं साधं इपॉक्सी ६०-७० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं आणि हेडजवळ तर १०० च्या वर जातं. बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, रेझिनचा टीजी, म्हणजे ते मऊ पडायला लागतं ते तापमान, किती आणि पोस्ट क्युअर, म्हणजे सुकल्यावर परत भट्टीत तापवणं, कितीला केलं. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर निघा तिथून.

आणि मुंबई, कोकण, गोवा वाल्यांनो, कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि खारी हवा लागली की ॲल्युमिनियम सडतं. मधे ग्लास फायबरचा एक पातळ थर टाकायला सांगा, स्वस्तातलं काम आहे.

अख्खं इंजिनच असं बनवायचं म्हणाल तर तेही झालंय. अमेरिकेत मॅटी होल्ट्झबर्ग नावाच्या इंजिनिअरनं १९८० च्या दशकात पॉलिमोटर नावाचं इंजिन बनवलं, फोर्ड पिंटोच्या २.३ लिटर इंजिनवरून. ओरिजनल १८८ किलोच्या आसपास, याचं फक्त ६९ च्या आसपास! लोला टी६१६ या रेस कारमध्ये बसवून रेसला पण उतरवलं. पण नीट बघा, ब्लॉक प्लास्टिक-फायबरचा असला तरी क्रँकशाफ्ट, सिलिंडर स्लीव्ह आणि जिथे पेट्रोल जळतं तो भाग, सगळा धातूच. लॅम्बोर्गिनीची २०१० ची सेस्तो एलेमेंतो तर नावातच कार्बन घेऊन आली (नावाचा अर्थ सहावं मूलद्रव्य, म्हणजे कार्बन), वजन ९९९ किलो, पण तिचं व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, सुद्धा धातूचंच.

कस्टम कार्बन सगळ्यात डोक्यानं वापरतात ती म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी स्वतः छोटी रेस कार बनवणारी आपली कॉलेजची पोरं. बऱ्याच टीम केटीएम ३९० बाइकचं इंजिन घेतात, आपल्या चाकणला बनतं ते. नियमानं सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच, म्हणजे एका अरुंद तोंडातूनच, घ्यावी लागते, त्यामुळे त्याच्या पुढचा प्लेनम, म्हणजे हवा साठवणारा डबा, हवा तसा आकार देऊन बनवावा लागतो. बाजारात मिळतच नाही तो. थ्रीडी प्रिंटचा साचा, त्यावर कार्बन, वरून व्हॅक्यूम बॅग, म्हणजे हवा खेचून थर दाबून बसवणारी पिशवी. तिथे कार्बनचा पुरेपूर वसूल आहे.

आणि ज्यांना फक्त किलो कमी करायचेत त्यांनी आधी बॅटरी बघा. पोर्शनं २००९ मध्ये ९११ जीटी३ साठी लिथियम बॅटरीचा ऑप्शन जाहीर केला, साध्या बॅटरीपेक्षा १० किलोनं हलकी, बोल्ट चार खोलले की काम झालं. त्यानंतर एक्झॉस्ट, मग चाकं. एवढं करून पैसे उरले तर या टॅपेट कव्हरकडे. आणि घेताना काटा सोबत घेऊन जा, जुना पार्ट आणि नवा पार्ट दोन्ही बोल्टसकट तिथेच ठेवून बघा, दुकानदार काय म्हणतो ते मला कमेंटमध्ये कळवा.